घरगुती फ्लाइट सिम्युलेटर

घरगुती फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे विमानोड्डाणाचा आभास निर्माण करणारी आणि हौशी व्यक्तीने राहत्या घरात किंवा घरालगतच्या जागेत स्वतः उभारलेली यंत्रणा होय. संगणक, पडदा आणि खेळण्यासाठी बनवलेली जॉयस्टिक एवढ्यावरही असा सिम्युलेटर चालतो. मात्र या छंदाची एक प्रगत शाखा सेवेतून निवृत्त झालेल्या विमानांचे अस्सल सुटे भाग मिळवून त्यांपासून कॉकपिट, म्हणजे वैमानिककक्ष, उभारते. प्रस्तुत लेख प्रामुख्याने या शाखेविषयी आहे.

अशा उभारणीत विमानातील बटणे, फलक, सुकाणू, थ्रॉटल, तबकड्या आणि आसने यांना संगणकावरील उड्डाण-आज्ञावलीशी जोडले जाते. हे भाग मुळात घरातील विजेवर किंवा संगणकाच्या भाषेत चालण्यासाठी बनवलेले नसतात. त्यामुळे विद्युतशास्त्र, यांत्रिकी, सुतारकाम आणि संगणकशास्त्र या सर्वांचा त्यात उपयोग होतो. सिम्युलेटर उभारण्यास विमान उभारण्यासारखी कठोर परवानगीप्रक्रिया नसते. परंतु त्यात वापरलेला सुटा भाग पुन्हा उडत्या विमानाकडे जाऊ नये, याची जबाबदारी तो बाळगणाऱ्यावर राहते.

इतिहास

उड्डाणाचा सराव जमिनीवर करण्याची कल्पना विमानाइतकीच जुनी आहे. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानाच्या शिकाऊ वैमानिकांसाठी पिंपाच्या अर्धगोल भागांवर बसवलेले आसन वापरले जाई. बाहेर उभी असलेली माणसे ते हाताने डोलवीत आणि शिकाऊ वैमानिक चाके फिरवून तोल सावरण्याचा सराव करी.

आधुनिक सिम्युलेटरचा आरंभ अमेरिकेतील एडविन लिंक यांच्या यंत्रापासून मानला जातो. लिंक यांच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधील भाते, झडपा आणि हवेचे पंप वापरून त्यांनी १९२९ च्या सुमारास लहान विमानाच्या आकाराचा, सर्व दिशांना कलणारा सांगाडा तयार केला. एका यंत्राचे भाग मूळ कामातून काढून उड्डाणाच्या सरावासाठी वापरण्याचे हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. सुरुवातीला या यंत्राला मुख्यतः करमणूक उद्यानांतून गिऱ्हाईक मिळाले. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या हवाई दलाकडे टपाल वाहतुकीचे काम सोपवण्यात आले. खराब हवामानात केवळ उपकरणे पाहून विमान चालवण्याचा सराव नसल्याने अनेक वैमानिकांचा मृत्यू झाला. त्यानंतर सैन्याने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात 'लिंक ट्रेनर' हे दोस्त राष्ट्रांच्या वैमानिक-प्रशिक्षणाचे प्रमुख साधन ठरले.

घरगुती सिम्युलेटरचा काळ वैयक्तिक संगणकाबरोबर सुरू झाला. ब्रूस आर्टविक यांनी इलिनॉय विद्यापीठातील आपल्या संशोधनाच्या आधारे ॲपल-२ संगणकासाठी उड्डाणाची आज्ञावली तयार केली. नोव्हेंबर १९८२ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर'ची पहिली आवृत्ती बाजारात आली. १९९० च्या दशकात ऑस्टिन मेयर यांचे 'एक्स-प्लेन' आणि मुक्तस्रोत 'फ्लाइटगिअर' यांची भर पडली. या आज्ञावल्यांनी बाहेरील उपकरणांकडून माहिती घेण्याची व त्यांना माहिती देण्याची सोय उपलब्ध करून दिल्यावर पडद्यावरचे चित्ररूप बटण हातातील खऱ्या बटणाला जोडणे शक्य झाले. पुढे आर्डुइनोसारखी स्वस्त नियंत्रक-पाटी आल्याने हे काम व्यावसायिक अभियंत्यांपुरते मर्यादित राहिले नाही.

अस्सल भागांचे महत्त्व

हौशी उभारणीसाठी प्लास्टिकच्या किंवा त्रिमितीय मुद्रणाने बनवलेल्या प्रतिकृती बाजारात मिळतात. तरीही अस्सल भागांना पसंती मिळते, याची कारणे केवळ भावनिक नाहीत.

पहिले कारण स्पर्शाचे आहे. विमानातील महत्त्वाच्या खटक्याचा दांडा आधी वर ओढावा लागतो आणि मगच तो सरकतो. चुकून धक्का लागून तो बदलू नये म्हणून ही योजना असते. चाकांच्या दांड्याचे टोक चाकाच्या आणि फ्लॅपच्या दांड्याचे टोक पंखाच्या पट्टीच्या आकाराचे ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे वैमानिकाला न पाहताही बोटांना दोहोंतील फरक कळतो. सरावात हाताला लागलेले वळण अशा तपशिलांवर अवलंबून असते.

दुसरे कारण टिकाऊपणाचे आहे. विमानातील बटणे हजारो वेळा दाबली जातील, त्यांना कंप आणि तापमानातील फरक सोसावा लागेल, असे गृहीत धरून बनवलेली असतात.

तिसरे कारण जतनाचे आहे. निवृत्त विमानाचा धातू वितळवला जातो. परंतु त्याच्या वैमानिककक्षाची रचना हा त्या काळच्या तंत्रज्ञानाचा दस्तऐवज असतो. तीन वैमानिकांच्या जागी दोन कसे आले, तबकड्यांच्या जागी पडदे कसे आले, हा इतिहास छायाचित्रापेक्षा प्रत्यक्ष फलकावर अधिक स्पष्ट दिसतो.

भागांची उपलब्धता व दर्जा

निवृत्त विमाने सहसा कोरड्या हवामानाच्या प्रदेशात नेऊन ठेवली जातात, कारण तेथे धातू लवकर गंजत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील मोहावी व व्हिक्टरव्हिल, तसेच स्पेनमधील तेरुएल ही अशी ठिकाणे आहेत. इंग्लंडमधील केम्बल येथेही विमाने मोडण्याचे काम चालते. इंजिने, चाकांची यंत्रणा आणि संगणकीय पेट्या यांना मोठी किंमत येत असल्याने ते भाग आधी काढले जातात. उरलेल्या सांगाड्यातील फलक, आसने आणि क्वचित संपूर्ण नाकाडाचा भाग हौशी लोकांच्या वाट्याला येतो.

सुट्या भागाची किंमत त्याच्या स्थितीइतकीच त्याच्या कागदपत्रांवर ठरते. उड्डाणयोग्य भागासोबत अधिकृत प्रमाणपत्र असते. भारतात 'सीए फॉर्म १', युरोपात 'ईएएसए फॉर्म १' आणि अमेरिकेत 'एफएए फॉर्म ८१३०-३' ही त्यांची नावे आहेत. प्रमाणपत्र नसलेला, मुदत संपलेला किंवा दुरुस्तीपलीकडे गेलेला भाग विमानासाठी निरुपयोगी ठरतो आणि त्याची किंमत उतरते. सिम्युलेटरला मात्र असाच भाग पुरेसा असतो. त्याची आवरणे, दांडे आणि खटके शाबूत असले, तरी काम भागते.

हौशी लोकांत बोइंग ७३७ हे विमान विशेष लोकप्रिय आहे. १९६७ मध्ये पहिले उड्डाण केलेल्या या विमानाच्या हजारो प्रती बनल्या. त्याच्या जुन्या पिढीतील अनेक विमाने मोडीत निघाल्याने भाग तुलनेने सहज मिळतात. शिवाय त्याच्या डोक्यावरील फलकात स्वतंत्र खटक्यांचे प्रमाण जास्त आहे. एअरबस ए-३२० मध्ये सुकाणूच्या जागी बाजूची काठी आणि संगणकीय पडदे असतात. त्यातील अनेक अस्सल पेट्या केवळ विमानातील संदेशवाहिनीवरच बोलतात, त्यामुळे त्यांचा घरी वापर करणे अधिक अवघड जाते.

लष्करी विमानांच्या भागांवर जास्त निर्बंध आहेत. अमेरिकी नौदलाने २००६ मध्ये एफ-१४ विमाने निवृत्त केली. हेच विमान वापरणाऱ्या इराणपर्यंत सुटे भाग पोहोचू नयेत म्हणून २००७ मध्ये त्यांची विक्री थांबवण्यात आली आणि बहुतेक विमाने मोडून टाकण्यात आली.

रचना

विद्युतपुरवठा

भारतातील घरात २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्‌झ वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह येतो. मोठ्या प्रवासी विमानात मुख्यतः २८ व्होल्टचा एकदिश प्रवाह आणि ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्‌झचा प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात. वारंवारता जास्त असली की रोहित्रे आणि मोटारी आकाराने लहान व वजनाने हलक्या करता येतात, म्हणून विमानात ४०० हर्ट्‌झची निवड झाली. असे उपकरण त्याच दाबाच्या पण ५० हर्ट्‌झच्या प्रवाहावर लावल्यास त्यातील गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतो, वेटोळ्यातून अतिरिक्त प्रवाह वाहतो आणि ते जळते. म्हणून २८ व्होल्टसाठी स्वतंत्र पुरवठा-पेटी आणि ४०० हर्ट्‌झसाठी विशेष परिवर्तक वापरावा लागतो. फलकावरील अक्षरे उजळणारे दिवे बहुधा ५ व्होल्टचे असतात.

फलक व खटके

फलकाची वरची पाटी पारदर्शक प्लास्टिकची असते. तिच्यावर रंगाचा थर देऊन अक्षरे कोरलेली असतात आणि आतील दिव्यांचा प्रकाश केवळ अक्षरांतून बाहेर येतो. मधल्या कप्प्यातील फलकांची रुंदी प्रमाणित, सुमारे १४६ मिलिमीटर असते. ते पाव फेऱ्यात घट्ट होणाऱ्या 'झूस' पद्धतीच्या स्क्रूंनी पट्टीवर बसवतात. त्यामुळे एका विमानातील रेडिओचा फलक दुसऱ्या विमानाच्या पट्टीवरही बसू शकतो.

फलकामागील गोल जोडणीत अनेक पिना असतात. कोणती पिन कोणत्या खटक्याची आहे याचा आराखडा उपलब्ध नसल्यास मल्टिमीटर लावून प्रत्येक पिनेचा माग काढावा लागतो. हे काम वेळखाऊ असले, तरी त्यातून त्या फलकाची संपूर्ण रचना समजते.

प्रत्येक खटक्याला स्वतंत्र तार संगणकापर्यंत नेणे अव्यवहार्य असल्याने आडव्या-उभ्या तारांची जाळी करतात. आठ आडव्या आणि आठ उभ्या अशा सोळा तारांवर चौसष्ट खटके वाचता येतात. एकाच वेळी अनेक खटके चालू असताना खोटा संकेत मिळू नये म्हणून प्रत्येक खटक्याला एक डायोड जोडतात.

काही खटके विद्युतचुंबकाने धरून ठेवलेले असतात. बोइंग ७३७ मध्ये इंजिन सुरू करण्याचा खटका फिरवला, की तो जागेवर टिकतो आणि इंजिनाने ठरावीक वेग गाठल्यावर आपोआप सुटतो. सिम्युलेटरमध्ये हे साधायचे, तर आज्ञावलीने योग्य क्षणी विद्युतचुंबकाचा पुरवठा तोडावा लागतो. प्रवाह तुटताना निर्माण होणाऱ्या उलट विद्युतदाबापासून नियंत्रक-पाटी वाचवण्यासाठी तेथेही डायोड आवश्यक असतो.

तबकड्या

सुई असलेली उपकरणे हा या उभारणीतील सर्वांत कठीण भाग आहे. अस्सल उंचीमापक हवेचा दाब मोजतो. घरात ठेवल्यास तो घराचीच उंची दाखवतो. अस्सल कृत्रिम क्षितिजात वेगाने फिरणारे चक्र असते आणि ते टेबल सपाट असल्याचेच सांगते. म्हणजे जी अचूकता विमानात आवश्यक, तीच येथे अडचणीची ठरते.

यावर दोन उपाय आहेत. पहिल्यात उपकरण उघडून आतील यंत्रणा काढतात आणि तेथे टप्प्याटप्प्याने फिरणारी लहान मोटार बसवतात. बाहेरील काच, तबकडी आणि सुई अस्सल राहतात. परंतु मूळ यंत्रणा कायमची नष्ट होते. दुसरा उपाय 'सिंक्रो' पद्धतीच्या उपकरणांना लागू पडतो. सिंक्रोमध्ये एकमेकांशी १२० अंशांचा कोन करणारी तीन वेटोळी असतात आणि त्यांतील विद्युतदाबांच्या परस्पर प्रमाणानुसार सुई वळते. संगणकाने ४०० हर्ट्‌झचे योग्य प्रमाणातील तीन संकेत तयार केल्यास उपकरण न उघडताही सुई हवी तशी फिरवता येते. हा मार्ग खर्चिक असला, तरी जतनाच्या दृष्टीने श्रेष्ठ समजला जातो.

अलीकडच्या उपकरणांना 'एआरआयएनसी ४२९' या संदेशवाहिनीवरून अंकीय माहिती मिळते. तारांच्या एका जोडीवरून एकाच दिशेने ३२ बिटांचे शब्द पाठवणे हे तिचे वैशिष्ट्य आहे. तिचा वेग सेकंदाला १२.५ किंवा १०० किलोबिट असतो. संगणकाला ही भाषा येण्यासाठी वेगळे कार्ड लागते.

सुकाणू, पायपट्ट्या व थ्रॉटल

विमानातील सुकाणू दांडे, तारा आणि हायड्रॉलिक यंत्रणेने पंखांवरील व शेपटीवरील पृष्ठांना जोडलेले असते. घरी त्याच्या आसाला कोन मोजणारा संवेदक जोडतात. घासणारे अवयव असलेला पोटेंशिओमीटर स्वस्त असतो, पण झिजतो. चुंबकीय 'हॉल' संवेदक अधिक टिकतो. हाताला जाणवणारा विरोध स्प्रिंगने निर्माण करतात. प्रगत उभारणीत त्यासाठी मोटार वापरतात, म्हणजे वेग वाढला की सुकाणूही जड होते. विमान अतिशय मंदावल्यास सुकाणू थरथरवून वैमानिकाला सावध करणारी मोटार अस्सल सुकाणूसोबत मिळाल्यास ती २८ व्होल्टवर चालवता येते. ७३७ च्या थ्रॉटल-पेटीतील खडखडत फिरणारी ट्रिमची चाके हा हौशी लोकांच्या आकर्षणाचा विषय आहे.

संगणकाशी जोडणी व दृश्य

खटके आणि संवेदक नियंत्रक-पाटीला जोडले जातात. आर्डुइनो मेगा या पाटीवर ५४ अंकीय आणि १६ सदृश जोडण्या असतात. संवेदकाचा विद्युतदाब ती ० ते १०२३ अशा आकड्यांत मोजते. पाटी आणि उड्डाण-आज्ञावली यांच्यामधील दुभाष्याचे काम 'मोबीफ्लाइट'सारख्या विनामूल्य आज्ञावल्या करतात.

बाहेरील दृश्य वक्र पडद्यावर अनेक प्रक्षेपकांनी दाखवतात. शेजारी बसलेल्या दोन्ही वैमानिकांना धावपट्टी आपल्या समोरच दिसावी, यासाठी व्यावसायिक सिम्युलेटरमध्ये आरशांच्या साहाय्याने चित्र अनंत अंतरावर असल्याचा भास घडवतात. घरी ही सोय सहसा नसते. सहा पायांवर हलणारा मंचही घरगुती उभारणीत क्वचित आढळतो, कारण त्याला उंच छत आणि मजबूत जमीन लागते.

सुरक्षितता

अस्सल भागांसोबत काही धोकेही घरात येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अनेक तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असे. त्याची चमक आता संपलेली असली, तरी रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे असल्याने किरणोत्सर्ग कायम राहतो. अशी तबकडी उघडणे, खरवडणे किंवा फुंकून साफ करणे घातक आहे. भारतात किरणोत्सारी पदार्थांचे नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ करते. त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे.

प्रवासी विमानांतील हायड्रॉलिक द्रव त्वचा आणि डोळ्यांना दाह करतो. जुन्या पडदा-नळ्यांमध्ये वीज बंद केल्यानंतरही उच्च विद्युतदाब शिल्लक राहू शकतो. लढाऊ विमानाच्या आसनात वैमानिकाला बाहेर फेकणारी स्फोटक काडतुसे असतात. ती काढल्याची खात्री झाल्याशिवाय असे आसन हाताळू नये. जुने दिवे मोठ्या प्रमाणात प्रवाह ओढतात आणि तापतात, म्हणून प्रत्येक शाखेला स्वतंत्र फ्यूज आणि संपूर्ण यंत्रणेला भूसंपर्क आवश्यक असतो. कोकणपट्टीसारख्या दमट व खाऱ्या हवेत पिनांवर गंज चढत असल्याने जोडण्या झाकून ठेवाव्या लागतात.

सर्वांत गंभीर धोका मात्र घराबाहेरचा आहे. ८ सप्टेंबर १९८९ रोजी पार्टनेअर या नॉर्वेजियन कंपनीचे ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले कॉन्व्हेअर ५८० विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ५५ जण मरण पावले. शेपटीचा उभा पंख धरून ठेवणाऱ्या जोडणीत बनावट बोल्ट वापरले गेल्याचे तपासात आढळले. २०२३ मध्ये ब्रिटनमधील एओजी टेक्निक्स या कंपनीने खोट्या कागदपत्रांसह इंजिनांचे भाग पुरवल्याचे उघड झाले आणि अनेक देशांतील विमान कंपन्यांना आपली इंजिने तपासावी लागली. बाद झालेला भाग पुन्हा बाजारात शिरण्याची वाट अशा व्यवहारांतूनच तयार होते. त्यामुळे सिम्युलेटरसाठी घेतलेल्या भागावर 'उड्डाणासाठी नव्हे' अशी न पुसणारी खूण करणे, त्याचा क्रमांक नोंदवून ठेवणे आणि तो विकताना ही माहिती लेखी देणे आवश्यक ठरते. उघडून बदल केलेला भाग बाहेरून अगदी मूळ भागासारखा दिसतो, म्हणून ही खबरदारी अधिक महत्त्वाची आहे.

कायदेशीर स्थिती

भारतात विमानांची रचना, निर्मिती व वापर यांचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. सिम्युलेटर हे विमान नसल्याने खाजगी करमणुकीसाठी तो बनवण्यास उड्डाण-परवाना लागत नाही. मात्र मान्यता नसलेल्या सिम्युलेटरवर केलेला सराव वैमानिकाच्या अधिकृत नोंदवहीत धरला जात नाही. व्यावसायिक वैमानिक-परवान्यासाठी भारतात २०० तासांच्या उड्डाणाची अट आहे. विमान कंपन्यांच्या प्रशिक्षणात वापरले जाणारे पूर्ण क्षमतेचे सिम्युलेटर 'अ' ते 'ड' अशा चार स्तरांत प्रमाणित होतात. त्यांपैकी 'ड' हा सर्वोच्च होय.

रेडिओच्या बाबतीत नियम कडक आहेत. विमानातील प्रक्षेपक-रेडिओ परवान्याशिवाय चालवणे बेकायदेशीर आहे. म्हणून सिम्युलेटरमध्ये रेडिओची केवळ पुढची पाटी वापरतात. अपघात झाल्यास आपोआप संकेत देणारे ४०६ मेगाहर्ट्‌झचे आपत्कालीन उपकरण चुकून सुरू झाल्यास शोध-बचाव यंत्रणेला खोटा इशारा जातो. त्यामुळे त्याची बॅटरी काढलेली असणे आवश्यक आहे. परदेशातून वापरलेले भाग मागवण्यापूर्वी आयात-निर्बंध आणि सीमाशुल्क यांचीही खातरजमा करावी लागते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात घरी विमान बांधण्याचे सर्वाधिक परिचित उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी मुंबईतील कांदिवली येथे चारकोपमधील राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते प्रदर्शित झाले. २०१७ मध्ये त्याची 'व्हीटी-एनएमडी' या चिन्हाने नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये चाचणी-उड्डाणाची अनुमती मिळाली. हा सिम्युलेटर नव्हे. तथापि विमान तयार झाल्यावरही अनुमतीसाठी लागलेला काळ पाहता विमान आणि सिम्युलेटर यांच्या कायदेशीर स्थितीतील अंतर या उदाहरणातून स्पष्ट होते.

निवृत्त विमानांचे काय होते, याची दोन उदाहरणेही राज्यात आढळतात. कॉन्टिनेंटल एव्हिएशन या कंपनीचे बोइंग ७२० विमान १९९१ मध्ये तांत्रिक बिघाडामुळे नागपूर येथे उतरले आणि सुमारे दोन तपे तेथेच उभे राहिले. २०१५ मध्ये ते धावपट्टीजवळून हलवण्यात आले. याउलट एअर इंडियाचे शेवटचे बोइंग ७४७ विमान २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेला रवाना झाले. १९७१ पासून या कंपनीच्या सेवेत असलेल्या या विमान-प्रकाराचा निरोप घेण्यासाठी त्याने उड्डाणानंतर पंख हलवून मानवंदना दिली. पहिले विमान देशातच पडून राहिले, तर दुसरे विकले जाऊन परदेशी गेले. मोठी विमाने मोडण्याचे काम मुख्यतः परदेशात होत असल्याने भारतातील हौशी व्यक्तीला आपल्याच देशात उडालेल्या विमानाचा फलकही अनेकदा परदेशातून मागवावा लागतो.

असे जड सामान समुद्रमार्गे आल्यास महाराष्ट्रात ते प्रामुख्याने न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात उतरते. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई हे गाव हे बंदर आणि नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात आहे. त्याच्या परिसरात कंटेनर हाताळणारी अनेक गोदामे आहेत. प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचे हे जन्मगाव होय. विमानतळाला त्यांचे नाव देण्यासाठी या भागात मोठे आंदोलन झाले. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली.

अस्सल जुनी विमाने जवळून पाहण्यासाठी गोव्यातील वास्कोजवळचे नौदल विमानन संग्रहालय उपयुक्त आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन, सी हॉक, आलिझे आणि शॉर्ट सीलँड ही विमाने जतन केलेली आहेत.

उपयोग व मर्यादा

घरगुती सिम्युलेटरवर उपकरणांचे वाचन, तपासणी-यादीचा क्रम, मार्ग-नियोजन आणि हवाई वाहतूक नियंत्रकाशी बोलण्याची पद्धत यांचा चांगला सराव होतो. २००१ पासून कार्यरत असलेल्या 'व्हॅटसिम' या जाळ्यावर जगभरातील हौशी लोक वैमानिक व नियंत्रक यांच्या भूमिका पार पाडतात. ऑस्ट्रेलियातील 'वर्ल्डफ्लाइट' या उपक्रमात सिम्युलेटरवर पृथ्वीप्रदक्षिणा करून दुर्गम भागात वैद्यकीय सेवा देणाऱ्या रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिससाठी निधी गोळा केला जातो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना विद्युतचुंबकत्व, अंकीय संदेशवहन आणि वायुदाब या पाठ्यविषयांचे प्रत्यक्ष रूप अशा उभारणीत पाहता येते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. स्थिर आसनावर शरीराला वेगबदल जाणवत नाही. त्यामुळे ढगांत कानातील तोलाचे इंद्रिय वैमानिकाची जी दिशाभूल करते, तिचा अनुभव येथे मिळत नाही. चुकीचा परिणाम भोगावा लागत नसल्याने घाईची सवयही लागू शकते. शिक्षकाविना केलेल्या सरावात चुकीची पद्धत अंगवळणी पडल्यास ती पुढे मोडून काढावी लागते. अस्सल सुकाणू व अस्सल फलक यांनी स्पर्शाची अचूकता वाढते. उड्डाणाचा अनुभव आणि परवाना मात्र प्रत्यक्ष विमान व मान्यताप्राप्त प्रशिक्षण यांतूनच मिळतो.